पाऊण तास

दुकानदाराने पाचोळा उडवायची दोन मशीन तिच्यापुढे मांडली. "ताई, हे बॅटरीचं घ्या. हलकं आहे, आवाज अगदी नावाला. पेट्रोलचं फार बोंबलतं, घरच्यांचं डोकं उठतं."

"पेट्रोलचं चालू करून दाखवा."

त्याने दोरी ओढली आणि दुकान दणाणलं. तो काहीतरी सांगत होता, पण त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मशीन थांबल्यावर तिने विचारलं, "एकदा टाकी भरली की किती वेळ चालतं?"

"पाऊण तास."

"हेच द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना चहा पाजून ती अंगणात उतरली. दहा मिनिटांत सगळा पाचोळा कुंपणापाशी गोळा झाला. मग पेट्रोल संपेपर्यंत ती स्वच्छ फरशीवर मशीन फिरवत राहिली.

आत आली तर वडील रडवेले झालेले. "किती हाका मारल्या गं! एकही ऐकू आली नाही?"

"मशीन चालू होतं ना, बाबा." तिने त्यांची ओली चादर बदलली, कूस वळवून दिली, तोंड पुसलं.

"झालं ना अंगण?"

तिने ओली चादर बादलीत टाकली. "नाही. मागचं राहिलंय अजून."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. मागे अंगण नव्हतंच, शेजाऱ्यांची भिंत होती.

"जा," ते म्हणाले. "सावकाश करून ये."