दिसण्यापुरतं

“दिसायला उजव्यासारखंच दिसेल,” डॉक्टर म्हणाले, “पण हात लावला तर तुम्हाला कळणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

वत्सलाबाईंनी पदर सावरला. नवऱ्यासमोर असलं बोलणं ऐकून त्या अवघडल्या. भगवानराव मात्र शेजारच्या खुर्चीत मन लावून ऐकत होते. पोटाचं मांस काढून छातीवर बसवायचं, दोन्हीकडं टाके, नळ्या, सूज. काखेत ओढ लागणार, वजन उचलायचं नाही, वण कायमचे राहणार. डॉक्टरांनी काही लपवलं नाही.

“समजलं,” बाई म्हणाल्या. “करा.”

कॅन्सरपायी डावं स्तन काढलं त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या नवऱ्याकडं पाठ करून झोपत. ब्लाउजात कापूस भरून गावभर ताठ मानेनं फिरणारी ही बाई घरात आरशापुढं उभी राहत नसे. अन् यंदा, ऐन दुष्काळात, भगवानराव आपण होऊन म्हणाले, “वत्सला, तू पयल्यासारखी व्हायला पायजेस.” काय सांगावं! बाई न्हाणीत जाऊन पोटभर रडल्या.

अडचण एकच. शिरूर कासारच्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन. संस्थेनं गुरांसाठी चारा छावणी चालवायला घेतली होती आणि बाईंचा सगळा जीव त्या छावणीत. रोज सकाळी दावणीदावणीला जाऊन जनावरं स्वतः मोजायच्या. चारा पुरवणारा रामहरी भगवानरावांच्या रोजच्या उठबशीतला. तो सरकारी पैशासाठी नसलेली जनावरं कागदावर चढवायला बघत होता. त्याला बाईंनी चारचौघांत झाडलं, “मुक्या जिवाच्या तोंडचं खातूस, लाज न्हाई वाटत?” रामहरी खाली मान घालून गेला. भगवानराव तेव्हा हसून म्हणाले होते, “बायकू हाय का फौजदार!”

“छावणी कुणाच्या भरवशावर सोडू?” बाईंनी आताही विचारलं.

“अगं, गाव हाय की तितं. तू आदी नीट हो.”

बाई केबिनमधून बाहेर आल्या. भगवानराव मागं थांबले. बऱ्याच वेळानं आले ते तोंड बारीक करून. “दोन महिने औरंगाबादलाच ऱ्हावं लागंल म्हणतेत. आपल्याकडचे रस्ते हे असले. टाके उसवले म्हंजे?”

“दोन महिने! अवो, महिन्याला दोन मीटिंगा हायत मला.”

“मीटिंगा गेल्या खड्ड्यात. मला तू पायजेस.”

एवढं ऐकल्यावर बाई राहायला तयार झाल्या. चार वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच सगळं दुखलं, सुजलं, ठणकलं. दवाखान्यासमोर खोली घेतली होती. भगवानराव चहा करायचे, बाईंची वेणी घालायचे, नळीची बाटली हातात धरून त्यांना न्हाणीपर्यंत न्यायचे. घरमालकीण म्हणायची, “नशीब काढलंत बाई!” नळ्या निघाल्यावर एक दिवस त्यांनी भीत भीत जखमेवर हात ठेवला. बाईंना काहीच कळलं नाही, तरी त्यांचे डोळे भरून आले. नवऱ्यानं तोंड फिरवलं नव्हतं, यातच सगळं आलं.

दोन महिने भरत आले. शेवटच्या तपासणीला दोघं दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरांची वाट बघत बसले होते, तेवढ्यात संस्थेच्या सिंधुबाईचा फोन आला.

“वत्सलाबाई, घात झाला वो! तुमी लागोपाठ तीन मीटिंगांना न्हवता, म्हून तुमचं पद काढलं. तुमच्या जागी रामहरीची बायकू बसविली. निम्मी जनावरं नुसती कागदावर हायत, अन् खरी उपाशी मरायलीत. आमची म्हैस काल गेली.”

बाईंच्या हातातून फोन गळाला. “मीच मारली वो ती,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “मला मेलीला या वयात दिसण्याची हौस सुचली, अन् मुक्या जिवांच्या तोंडचा चारा गेला.”

“असं बोलू नगंस,” भगवानरावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्या हातात काय हुतं? डॉक्टरपुढं कुणाचं चालतंय का?”

बाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सगळं गेलं, पण हा माणूस तरी आपला राहिला, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर आत आले. त्यांनी जखम पाहिली, छान भरलीय म्हणाले आणि हात धुता धुता भगवानरावांकडं वळून हसले.

“आटोपल्या का साहेब तुमच्या तिन्ही मीटिंगा? मग आता तरी न्या यांना घरी. मी तर पंधरवड्यातच जा म्हणालो होतो.”