चोवीस तास उघडं

नागपूर सोडल्यापासून अश्विनच्या कंपनीच्या ॲपचं कौतुक ऐकून पायलचे कान किटले होते. "नेटवर्क नसलं तरी चालते हे. पंप, पंक्चरवाला, दवाखाना, सगळं आहे. ह्या जंगलातली ठिकाणं तर मीच भरली, ऑफिसातून एकेकाले फोन करून."

चहाला थांबले तिथं लेकीला विंचू चावला. चहावाला म्हणाला, "मागं वीस किलोमीटरवर मोठा दवाखाना आहे, तिकडेच पळा." अश्विननं ॲप उघडलं. "मागं काहून? पुढं सहा किलोमीटरवर आरोग्य केंद्र आहे. चोवीस तास उघडं."

केंद्राच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं. गाडीत लेक घामानं भिजून थरथरत होती. अश्विननं दारावर लाथ घातली. "हरामखोर साले! लोकांच्या जिवाशी खेळून राहिले!"

आवाजानं शेजारच्या घरातला म्हातारा धावत आला. "मी राखण करतो साहेब इथं. डॉक्टर कधी आलाच नाही."

"मग सांगता येत नाही कोणाले?" अश्विन त्याच्या अंगावर गेला.

आता म्हाताराही तापला. "सांगतलं ना! पाटीवर माहाच नंबर आहे. नागपूरवरून एका साहेबाचा फोन आला, त्याले सांगतलं, बंद आहे म्हणून. तो म्हणे, बिल्डिंग तर आहे ना? मग झालं."

पायलनं अश्विनच्या हातातली किल्ली हिसकावून घेतली. "गाडी मी चालवते. तू मागं बस, पोरीच्या तोंडाकडे पाहत."