घंटेचा ऐन

"गाडी थांबव!" हंबीरराव ओरडले.

"आबा, आधी घरी जाऊ. टाकं वलं हायेत," वीरधवल म्हणाला.

मिरजेहून निघाल्यापासून तो कुठेच थांबायला तयार नव्हता. उंब्रजला चहासुद्धा नको म्हणाला. मुतखड्याचं साधं ऑपरेशन, पण पोरानं बापाला हट्टानं जास्तीचा आठवडा दवाखान्यातच ठेवलं होतं. एवढी काळजी घेणारा मुलगा म्हणून हंबीरराव वॉर्डभर त्याचं कौतुक सांगत फिरले होते.

आता ते दार उघडून थेट लालासाहेबाच्या लाकडाच्या वखारीत शिरले.

समोर ऐनाचा बुंधा आडवा पडला होता. सालीत घंटेच्या साखळीनं पाडलेली खाच, खाचेत शेंदूर. पाटणजवळच्या त्यांच्या वाडीच्या देवराईतलं झाड! त्याच्या मुळाशी झरा होता. शेजारच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागे, वाडीला कधी लागला नव्हता. लालासाहेबाचा या झाडावर कधीचा डोळा होता आणि हंबीररावांनी त्याला दर वेळी हाकलून लावलं होतं.

"चोरा! देवाच्या राईत कुऱ्हाड घालताना हात झडलं न्हाईत व्हय रं तुझं?"

"शिव्या देऊ नगा, आबा," करवतीपाशी उभा लालासाहेब म्हणाला. "ह्या वखारीवर बी घरं जगत्यात."

"आन् त्या झाडाच्या पाण्यावर आमची वाडी जगती, त्याचं काय?"

"चोरी न्हाई केली. वाडीनंच दिलंय."

"वाडी देतीया! आमच्यात राईतली वाळकी काटकी कुणी घरी नेत न्हाई. कुणी गेलं तर सरणापुरतं लाकूड, ते बी पंचांनी नारळ ठेवल्यावर!"

"नारळ ठिवूनच दिलं. फांद्या सरणाला, बुंधा मला."

हंबीरराव आणखी पुढे सरकले. खोटं बोलायलाही काही लाज असते.

"कोण मेलं? माझ्या माघारी वाडीत कोण मेलं? नाव सांग!"

करवत थांबली. लालासाहेबानं त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. वीरधवल मान खाली घालून गाडीपाशीच उभा होता.

"मेलं न्हाई कुणी," लालासाहेब म्हणाला. "ह्यो पंचांपुढं लय रडला. डॉक्टरांनी आशा सोडली म्हणाला. जन्मभर राई राखली त्याला घंटेचाच ऐन द्या म्हणाला. बुंध्याचं पैसं बी त्यानंच मोजून घेतलं. फांद्या तुमच्याच घरामागं, परड्यात वाळत घातल्यात, आबा."