एका यंत्राच्या दोन मालकिणी

वाचकहो, पुढील ओळींत एका भरतकामाच्या यंत्राची व त्याच्या मालकिणीची हकिकत आपणांपुढे सादर करीत आहे. तीत मनोरंजनाचा अंश अल्प आहे. तथापि ती अखेरपर्यंत वाचावी, अशी नम्र विनंती आहे.

येलहंका येथील एका पत्र्याच्या शेडमध्ये फायनान्स कंपनीचे चार हमाल यंत्राचे बोल्ट काढीत होते. कंपनीची अधिकारी सुप्रीता देखरेख करीत उभी होती. यंत्राची मालकीण भिंतीशी बसली होती. इतक्यात दारापुढे रिक्षा थांबली आणि तीतून हंबीरराव घाईघाईने उतरले. ते मल्लेश्वरममधील एका लहानशा मराठी पतसंस्थेचे सचिव; आणि नात्याने मालकिणीच्या नवऱ्याचे थोरले चुलते.

"कुणी हात लावायचा नाही!" ते कन्नडमध्ये ओरडले. "हे यंत्र आमच्याकडं तारण आहे. तुमच्या आधीपासून. सरकारी नोंदणीसुद्धा केलेली आहे."

सुप्रीताने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "सर, कर्ज देण्याआधी आम्ही नोंदणीत शोध घेतला. महानंदा अजिंक्य शिंत्रे. या नावावर काहीच निघालं नाही. म्हणून तर दिलं."

हंबीररावांनी फाइल उघडली. त्यांच्या नोंदणीत कर्जदार म्हणून नाव होते, अहल्या अजिंक्य शिंत्रे.

महानंदा हे तिचे माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने अहल्या असे लिहिले. ते नाव स्वतः हंबीररावांनीच सुचविले होते, आणि त्यानंतर सासरी तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. आधार व पॅन यांवर मात्र ती महानंदाच राहिली. कर्ज देताना हंबीररावांनी ते कागद मागितले नाहीत. घरच्या सुनेपाशी ओळखीचा पुरावा मागणे त्यांना तिचा अपमान वाटला होता.

"मामंजी, फॉर्म तुम्हीच भरून आणला होता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी फक्त सही केली."

"आणि ह्या लोकांकडं?"

"ह्यांनी आधार मागितलं. घरातून सांगितलं, सही कर. केली."

"अजिंक्य कुठाय?"

"दसऱ्यापासून फोन बंद आहे त्यांचा."

हमालांपैकी एकाने पाना खाली ठेवला. "मेडम, बाईंचं नाव स्वल्प लवकर ठरवा की. टेंपोचं भाडं चढतंय." बाकीचे हसले.

सुप्रीता हसली नाही. "सर, एक मार्ग आहे. अहल्या आणि महानंदा मीच, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, तर तुमची नोंद आधीची म्हणून तुम्हाला भांडता येईल. मी यंत्र इथंच ठेवून जाते."

हंबीररावांच्या मुखावर प्रथमच तेज आले. "लिहील की! का नाही लिहिणार?"

"पूर्ण ऐका. मग एकाच बाईनं एकच यंत्र दोन ठिकाणी तारण ठेवलं, असा अर्थ होतो. मला पोलीस स्टेशनला जावं लागेल. सही अजिंक्य सरांची नाही. यांची आहे."

हंबीरराव सुनेपाशी जाऊन उकिडवे बसले. वयोमानामुळे त्यांना तसे बसणे कष्टाचे होते.

"हे बघ, बाळ. ठेवीदार आत्ता आपल्या हापिसात येऊन बसलेत. निवृत्त माणसं आहेत. औषधपाण्याचा पैसा आपल्या भरवशावर ठेवलाय. हे यंत्र गेलं की त्यांना द्यायला माझ्याकडं काही नाही. तू दोन ओळी लिही. पोलिसांचं मी बघतो."

"काय बघणार, मामंजी?"

हंबीररावांनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला आत नेलं तर गौरीला शाळेतून कोण आणणार? तिचा बाप?"

ती उठली. पदर सारखा केला. हंबीररावांकडे न पाहता ती सुप्रीताला म्हणाली, "मॅडम, मी महानंदा. अहल्या नावाची कुणी बाई इथं राहत नाही."

सुप्रीताने पेन उघडले, परंतु लिहिले नाही. "सर, मी बेळगावची आहे, मराठी येतं मला. मघापासून तुमचं सगळं बोलणं मला समजलंय. पण मी ऐकीव लिहिणार नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत, ही आमची सून अहल्या, तरच लिहीन. सांगा."

हंबीररावांनी सुनेकडे पाहिले. ती पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

त्यांनी फाइल मिटली.

"नाही, अम्मा," ते म्हणाले. "मी चुकीच्या पत्त्यावर आलो."

हमालांनी यंत्र उचलले. ते उंबऱ्यावर अडकले. मागील बाजूस एक माणूस कमी पडत होता. हंबीररावांनी फाइल पायरीवर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि आपला खांदा यंत्राला लावला. त्याच क्षणी त्यांच्या खिशातील फोन वाजू लागला. तो बंद होई आणि पुन्हा वाजे. परंतु त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि यंत्र अद्याप टेंपोपर्यंत पोहोचावयाचे होते.

आपण आपला अमूल्य वेळ या हकिकतीस दिलात, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
कल्लाप्पा बसगोंडा मगदूम
जे. पी. नगर, बेंगळुरू