कोरियन गाजर

अल्माटीतल्या नव्या कोरियन दुकानात क्लारा हेगायने डबा दोन्ही हातांनी पुढे केला. मॅनेजर बांगनेही तो दोन्ही हातांनी, किंचित वाकून घेतला. इथवर दोघांना एकमेकांचं सगळं समजलं.

झाकण निघालं तसा लसूण, धणे आणि तापल्या तेलाचा वास काउंटरभर पसरला. आत गाजराचे लांब, सारख्या जाडीचे तंतू होते. बांगने चॉपस्टिकने दोन उचलले, सावकाश चावले आणि सोलच्या भाषेत काहीतरी विचारलं. क्लाराला त्यातला ‘आजी’ हा शब्द तेवढा कळला. तिच्या घरात बोलली जायची ती कोरियन निराळी होती, आणि तीही बरीचशी विसरली होती. ती तोगझानकडे वळली.

तोगझान ही दुकानातली कझाक मुलगी. मालिका बघून बघून कोरियन शिकलेली. कामावर असताना ती कोरियन पद्धतीचं गुलाबी जॅकेट घालायची. वडीलधाऱ्या बायकांना मात्र कझाक रीतीने ‘आपाय’ म्हणायची.

“आपाय, साहेब विचारतायत, हा पदार्थ कुठला?”

“कोरियन गाजर. अल्माटीत कुणालाही विचारा म्हणावं.”

बांगने आणखी दोन तंतू खाल्ले. चव छान आहे, तो म्हणाला, पण कोरियात असं काही नसतं.

“नसेल तर आता घेऊन जा म्हणावं.”

तोगझानने याचं भाषांतर केलं नाही.

“बरं, असं सांग. माझ्या आजीला सरकारने बाकीच्या कोरियनांबरोबर आगगाडीत भरून इथे आणून सोडलं, तेव्हा किमचीच्या लोणच्याला लागणारा कोबी मिळेना. गाजर मिळायचं. तिने त्यालाच तिखट-मीठ लावलं. पुढे कोबी यायला लागला, तोवर आम्हांला गाजरच आवडायला लागलं होतं.”

बांग मान हलवत ऐकत राहिला. पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून समजत नव्हतं.

बाजारातली सॅलडवाल्यांची रांग पुढच्या आठवड्यात पाडणार होते. क्लाराचा गाळा त्याच रांगेत होता. सोलच्या कंपनीने इथे दुकान उघडलंय हे ऐकल्यावर तिला वाटलं होतं, चला, आपली सोय आपल्याच माणसांत होईल.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक कझाक आजोबा काउंटरशी आले. “पोरी, कोरियन गाजर कुठल्या बाजूला?”

“आम्ही ठेवत नाही, आजोबा,” तोगझान म्हणाली.

“कोरियन दुकान ना हे?”

“हो.”

“मग काय विकता?”

बांगने हळूच विचारलं, “काय म्हणतायत?”

“तेच साहेब. सगळे मागतात ते.”

बांगने कपाळ चोळलं. मग डब्याचं झाकण नीट लावलं आणि म्हणाला, “ठेवू या. रोज ताजं आणायला सांग.”

क्लाराला आधी तोगझानचं हसू दिसलं, शब्द नंतर कळले.

जागेचा मात्र नियम होता. भिंतीकडच्या रॅकवर सोलहून आलेला माल. दाराजवळच्या रॅकवर इथले पदार्थ. मशिनमधून लेबल सरकत बाहेर आलं आणि तोगझानने ते वाचून दाखवलं: कझाक सॅलड.

“कझाक?” क्लारा म्हणाली. “मी हेगाय आहे. आडनावच कोरियन आहे.”

“आपाय, मशिनमध्ये दोनच देश आहेत.”

क्लाराने लेबल डब्यावर चिकटवून तो दाराजवळच्या रॅकवर ठेवला. जागा मिळत होती.

बांगची आणखी एक विनंती होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर, किमचीच्या रॅकच्या वर, एखाद्या आजीचा फोटो हवा होता. “तुमचा चेहरा हुबेहूब आहे म्हणतायत,” तोगझान म्हणाली.

“कुणासारखा?”

“कोरियन आजीसारखा.”

“पण ती किमची मी केलेली नाही.”

“ती कारखान्यात होते, आपाय. तुम्ही नुसतं हसायचं.”

तोगझानने आपलं गुलाबी जॅकेट काढून क्लाराच्या स्वेटरवर चढवलं. त्याच्या पट्टीची गाठ कशी मारायची ते क्लाराला ठाऊक नव्हतं. तोगझानने मारून दिली. बांगने फोन समोर धरला. थोड्याच वेळात भिंतीवर क्लारा हसत होती.

आजोबा दाराजवळच्या रॅकपाशी वाकले होते. “कझाक सॅलड,” त्यांनी वाचलं. “एवढं वय झालं माझं. हे आमचं कधी झालं?” मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली, तिथून क्लाराकडे आली. “अगं, ही तर बाजारातली गाजरवाली. गाजर इकडे, मग ही तिकडे काय करतेय?”

“काय म्हणतायत?” बांगने विचारलं.

तोगझान भाषांतर करायला त्याच्याकडे वळली.

“ते राहू दे,” क्लारा तिला म्हणाली. “त्यांना एवढंच विचार, उद्यापासून मी कुठे उभी राहू?”

एवढं भाषांतर झालं. बांग एकदम ओशाळला. वडीलधाऱ्या बाईला इतका वेळ उभं ठेवलं होतं. तो आत पळाला आणि स्टूल घेऊन आला. आधी किमचीच्या रॅकपाशी गेला, थांबला, दाराजवळच्या रॅकपाशी आला, तिथेही थांबला. मग दोन्ही रॅकच्या मध्ये, स्टूल दोन्ही हातांत धरून, तसाच उभा राहिला. गुलाबी जॅकेट घातलेली क्लारा तो ते कुठे टेकवतो याची वाट पाहत होती.