मनगटाचं वय

मोसमाच्या पहिल्या दिवशी यशोधन मोहोडने नेहमीप्रमाणे डावं मनगट एक्स-रे यंत्राखाली ठेवलं. खेळाडूचं वय आता मनगटाच्या हाडांवरूनच ठरायचं. जन्मदाखला कुणी विचारत नसे.

“सतरा. यंदाही नवोदितच,” डॉक्टर म्हणाले.

नागपूरच्या या बास्केटबॉल संघात सगळेच नवोदित होते आणि नवोदितांच्याच मानधनावर खेळत. दर सोमवारच्या इंजेक्शनमुळे त्यांची हाडं कधी पिकतच नसत, नुसती वाढत राहत. यशोधनच्या धाकट्या भावाची मुलगी एव्हाना शाळेत जाऊ लागली होती.

त्याने व्यवस्थापक बोबडेबाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला. “मॅडम, एकतीस वर्षांचा झालो मी. आता सोडा मला.”

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. “अरे बाळा, अठराच्या आतल्या मुलाचा राजीनामा असा कसा घेऊ? पालकाची सही लागते.”

“आईची आणतो.”

“तुला संघात घेतलं तेव्हाच तिने पालकत्व आमच्याकडे दिलं, विसरलास?” बाईंनी कागद मायेने परत सरकवला. “आज सोमवार आहे. जाताना इंजेक्शन घेऊन जा.”

यशोधन उठला. मागच्या मोसमात ज्या दारातून तो ताठ उभा आत आला होता, त्याच दारातून आता डोकं चौकटीला लागू नये म्हणून वाकून बाहेर पडला.