ओलं फडकं

टँकर आज आलाच नाही. उन्हात ताटकळून ताटकळून जिजा रिकामा हंडा घेऊन पाड्यावर परतली. तिकडे नालासोपाऱ्यात मजल्यावर मजले चढतायत, आणि इथे डोंगराच्या पायथ्याशी विहिरीत नुसता चिखल. शिव्या तरी कुणाला घालणार? ऐकायला बसलंय कोण!

पण तिला खरा घोर होता तो घरातल्या मडक्याचा.

तिच्या लेकीला, रीमाला, साखरेचा आजार. एवढंसं शाळकरी पोर, पण रोज पोटात सुई टोचून घ्यावी लागते. सुईतलं औषध गारव्यात ठेवावं लागतं, आणि घरात फ्रिज कुठला? दवाखान्यातल्या नर्सने उपाय सांगितला होता : औषध मडक्यात ठेव, मडक्याला ओलं फडकं गुंडाळ, आणि काही झालं तरी ते सुकू देऊ नको. मागच्या उन्हाळ्यात एकदा सुकलं, औषध नासलं, आणि पोर हातची जाता जाता राहिली.

तेव्हापासून जिजाने धाकच घातला होता. या आजारात तहान भारी लागते. रीमा सारखी पाणी मागायची.

"घरातलं पानी मडक्याचं हाय. तू शाळंत पी. बाई देतात ना?"

बाई देत होत्या. विरारहून येताना सुरुचीबाई स्कूटरवर पाण्याचा कॅन आणायच्या आणि रीमाची बाटली न चुकता भरून द्यायच्या.

आणि नवल असं, की हल्ली टँकरवरून यायला जिजाला कितीही उशीर होवो, फडकं आपलं ओलं ते ओलंच. गावदेवीच राखण करते, असं तिने पाडाभर सांगितलं होतं. देवीला नारळही फोडला होता बिचारीने!

आज ती दारापाशी आली आणि थबकली. रीमा नुकतीच शाळेतून आलेली, दप्तर अजून पाठीवरच. मडक्यापुढे उकिडवी बसून ती बाटलीतलं पाणी फडक्यावर सोडत होती. हळूहळू, भुईवर थेंब सांडू न देता. बाटली अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. पोरीने दिवसभरात घोटसुद्धा घेतला नव्हता. सगळं पाणी फडक्याने पिऊन टाकलं, तेव्हा तिने बाटलीचं झाकण तेवढं चाटलं.

जिजाला वाटलं, धावत जाऊन लेकीला कवटाळावं, म्हणावं, पी गं बाय, पी. पण काय पी म्हणणार? काखेतला हंडा ठणठणीत कोरडा.

ती आत आली. रीमाने दचकून बाटली पाठीमागे लपवली.

"शाळंत पानी प्यालीस ना गं?" जिजाने विचारलं.

"हो आई. पोटभर," रीमा म्हणाली, आणि बाहीने तिने आपले कोरडे, भेगाळलेले ओठ पुसले.